टँकमधलं पाणी

आधीच सांगते. ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

ज्यांना रात्रीचे बारा, वादळ आणि गेलेली वीज हवी आहे, त्यांनी इथूनच परत फिरावं. माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी झालं. रविवारी, सव्वातीनला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ मोठ्याने लावला होता.

तरीही हे लिहिताना मी पाठ भिंतीला टेकवून बसले आहे.

मी रेडिएटर दुरुस्त करते. गाड्यांचे, जनरेटरचे, जे येईल त्याचे. गळणारं घेऊन यायचं आणि न गळणारं घेऊन जायचं, हे माझं दुकान. अठरा वर्षं झाली. पत्रा, डाख, ज्योत, यात माझा हात बसलेला आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून काही जण म्हणणार की बाईला कामातलं कळत नसेल.

कळतं. चांगलं कळतं.

माझे बाबा कारखान्यात फोरमन होते. घरीही फोरमनच होते. त्यांच्यापुढे आईने कधी वाक्य पूर्ण केल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्याकडे बागेतलं गवत कापायचा एक छोटा ट्रॅक्टर होता. लाल रंगाचा, एका माणसापुरता, पोटाखाली पाती. वयाने माझ्यापेक्षा मोठा. दर आठवड्याला बाबा त्यावर बसून गवत कापायचे. अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत.

आणि मला एक मोठा भाऊ होता. दादा.

दादा सतराव्या वर्षी गेला. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये. याच ट्रॅक्टरचा पेट्रोलचा टँक गळत होता, आणि तो धातू वितळवून त्याला डाख देत होता. टँक रिकामा केला तरी आत पेट्रोलची वाफ राहते. ती दिसत नाही. ज्योत लागली की टँक फुटतो. म्हणून आधी टँक पाण्याने काठोकाठ भरायचा असतो, वाफेला जागाच ठेवायची नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा.

मी नऊ वर्षांची होते. शाळेत होते.

त्यानंतर एकोणतीस वर्षं आमच्या घरात एकच वाक्य ऐकू यायचं.

"दहा वेळा सांगितलं होतं, आधी पाणी भर. ऐकलं नाही. उतावळा होता."

पाहुणे आले की बाबा हेच म्हणायचे. दादाचे मित्र भेटले की हेच. माझ्या लग्नात, सासरच्या माणसांसमोर, हेच.

मीही तेच खरं मानलं. दादावर मनातून चिडले. दुकानात नवीन माणूस कामाला लागला की मी त्याला उदाहरण द्यायचे, "पाणी भरायचा कंटाळा करू नकोस. माझा भाऊ तसाच गेला."

अठरा वर्षं मी हे सांगत होते.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या कपाटात एक चिठ्ठी सापडली. दोनच ओळी. घर आईचं. ट्रॅक्टर मुलीचा, तिला लोखंडातलं कळतं.

नवरा म्हणाला, "मला त्यांनी पंधरा वर्षांत कधी बस म्हटलं नाही. तुला बसायला ट्रॅक्टर दिला. नशीबवान आहेस."

मला हसू आलं नाही. मला तो ट्रॅक्टर नकोच होता.

पण तीन महिन्यांत गवत गुडघ्यापर्यंत आलं. आईचा फोन आला, की शेडमधून पेट्रोलचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतोय. म्हणून त्या रविवारी मी हत्यारांची पेटी गाडीत टाकली आणि सकाळीच तिच्याकडे गेले.

शेडचं दार उघडलं तेव्हा आत सगळं जसंच्या तसं होतं. पाने लांबीप्रमाणे टांगलेले. खिळ्यांच्या बरण्या. मध्ये तो ट्रॅक्टर, आणि खाली फरशीवर ताटाएवढा ओला डाग.

टप...

टप...

टँकची एक शिवण पाझरत होती. मी नळी काढली, दोन पट्ट्यांचे नट सोडले आणि टँक उतरवला. उरलंसुरलं पेट्रोल डब्यात काढलं. गरम पाणी आणि साबणाची पूड घालून तीन वेळा आतून खळबळून धुतला. मग गळती नेमकी कुठे आहे ते बघायला रंग खरवडायला घेतला.

लाल रंग निघाला. खाली आणखी एक लाल थर. तोही निघाला.

खाली पितळ लागलं.

कारखान्यातून आलेल्या टँकच्या शिवणीत पितळ नसतं. इथे मात्र शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने पितळ वितळवून जोडलेली होती. मी पत्र्यावरून बोट फिरवलं. लाटा लागल्या. मग उजेडात तिरका धरून पाहिला. दोन्ही बाजूंना हातोडीच्या बारीक, दाट खुणा. शेकडो.

पत्रा आतून फुगतो तेव्हा तो ताणला जातो. नंतर कितीही ठोकून सपाट केला तरी पहिल्यासारखा बसत नाही. हे मी रोज बघते.

हा टँक फुटलेला होता. आतून.

बाबा सांगायचे, "तो टँक मी दुसऱ्याच दिवशी भंगारात टाकला. हा दुसरा आणून बसवलाय."

खोटं.

ज्याने माझा भाऊ गेला, तो टँक या माणसाने ठोकून सरळ केला. जोडला. रंगवला. परत बसवला. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून एकोणतीस वर्षं गवत कापलं!

मी हातातलं हत्यार टेबलावर आपटलं. भीतीने नाही. भीती अजून लांब होती.

मी तशीच घरात गेले. आई पलंगावर बसून बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

"आई, बाबांनी टँक बदलला होता ना?"

"बदलला असेल."

"असेल म्हणजे?"

"ते म्हणाले होते बदलला. मी कशाला बघायला जाऊ? त्या दिवसापासून मी शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही."

"तोच आहे."

आईने शर्टाची बटणं लावायला घेतली. घडी घातलेल्या शर्टाची. खालपासून वरपर्यंत सगळी लावली.

"नको करूस ते काम," ती म्हणाली. "नवा टँक घे."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"या घरात सगळे नुसते सांगतातच! कारण कुणी देत नाही."

मी परत शेडमध्ये आले. रागात माणसाने ज्योत हातात घेऊ नये, हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण मला तो टँक दुरुस्त करायचाच होता. दादाने अर्धवट टाकलेलं काम मला पुरं करून दाखवायचं होतं. नीट. पाणी भरून. कुणाला दाखवायचं होतं, ते विचारू नका.

मी टँकचं झाकण घट्ट लावलं. टँक उलटा करून टेबलावर दोन विटांमध्ये बसवला, म्हणजे गळणारी शिवण वर आली. तळाला पेट्रोलची नळी लागते त्या भोकातून साबणाचंच पाणी भरलं. काठोकाठ. बोटाने टिचकी मारून पाहिली.

भद्द.

भरलेला टँक असाच वाजतो.

डाखेची कांडी गाडीत राहिली होती. ती आणायला गेले. दोन मिनिटंही लागली नसतील. परत आले, भोकातून आत पाहिलं...

आत पाणी नव्हतं.

टेबल कोरडं. विटा कोरड्या. झाकण होतं तसं घट्ट.

वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. भरलाच नसेन. डोकं ठिकाणावर नव्हतं. मी परत पाणी भरलं. या वेळी हाताने उचलून वजन पाहिलं. जड होता. परत ठेवला.

आणि आता शेडमधून हलायचं नाही, असं ठरवलं. टँककडे पाठ करून गॅसची ज्योत पेटवायची तयारी करायला लागले. तीन पावलांचं अंतर, जास्त नाही.

तेव्हा जाणवलं...

रेडिओ ऐकू येत नव्हता.

रेडिओच नाही. काहीच ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरची गाडी नाही, पक्षी नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं.

आणि मग मागून...

घळ...

घळ... घळ... घळ...

कुणीतरी पाणी ओततंय. सावकाश. भांडं तिरकं धरून.

मी गर्रकन वळले.

कुणी नव्हतं. टँक विटांमध्ये होता तसाच होता. शेडचं दार उघडं होतं आणि बाहेर ऊन होतं.

दारात मात्र एक थारोळं होतं. साबणाच्या फेसाचं. फेस अजून हलत होता.

शहाण्या माणसाने तिथेच सगळं टाकून निघून जायला हवं होतं. मी गेले नाही. मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. वाटलं, बागेची नळी गळत असेल. काय वाट्टेल ते असेल. आज मी हे काम केल्याशिवाय उठणार नाही!

टँक तपासलासुद्धा नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

ज्योत पेटवली. निळी, टोकदार. शिवणीकडे नेली. वीतभर अंतर राहिलं असेल...

टण्.

मी थांबले.

टण्... टण्.

कुणीतरी बोटाच्या पेराने टँकवर वाजवत होतं. माझ्या डोळ्यांसमोर. मला पत्रा थरथरताना दिसत होता, पण वाजवणारं बोट दिसत नव्हतं.

पाण्याने भरलेला टँक 'टण्' वाजत नाही.

तो खणखणत होता. पार रिकामा होता.

मी ज्योत मागे घेतली, गॅस बंद केला आणि खाली बसले. आणखी वीतभर... आणि माझ्याबद्दलही कुणीतरी म्हणालं असतं, उतावळी होती, ऐकलं नाही.

किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. वर पाहिलं तर आई दारात उभी. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा शेडच्या दारात.

ती माझ्याकडे बघत नव्हती. खाली बघत होती. त्या फेसाकडे.

"इथेच," ती म्हणाली. "इथेच ओतलं होतं."

"काय?"

तिने दाराची चौकट धरली.

"त्याने पाणी भरलं होतं गं. तुझ्या दादाने. मी जेवायला बोलवायला आले होते, माझ्यासमोर भरलं. काठोकाठ. तेवढ्यात हे आले. म्हणाले, आत पाणी घालून गंज चढवतोस का? एवढ्याशा कामाला अर्धा दिवस? यांनी स्वतः टँक उचलला आणि इथे, या दारात, ओतून टाकला. म्हणाले, आता लाव."

"दादा काही बोलला नाही?"

"बोलला. म्हणाला, बाबा, आत वाफ राहते. तर हे ओरडले, मला शिकवतोस? मग त्याने लावली." आईचा आवाज अगदी सपाट होता. "मी घराकडे वळले होते. चार पावलं गेले असेन."

मी उठून उभी राहिले.

"एकोणतीस वर्षं! तो माणूस सगळ्यांना सांगत फिरला की पोरानं ऐकलं नाही. आणि तू ऐकत राहिलीस?"

"राहिले."

"माझ्या लग्नातसुद्धा?"

"राहिले गं. पहिल्यांदा वाटलं, मी खरं बोलले तर हे स्वतःला काहीतरी करून घेतील. घरात तू लहान. नंतर... नंतर सवय झाली."

"सवय? तो ऐकतच तर होता, आई! ऐकलं म्हणून गेला तो!"

मी ट्रॅक्टरकडे वळले. त्या रिकाम्या सीटकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांना अरे-तुरे केलं.

"तू ओतलंस! तू! आणि नाव त्याचं घेतलंस! आणि आज माझंही ओतायला आलास?"

शेडमध्ये काही हललं नाही.

मग...

किर्रर्र...

त्या ट्रॅक्टरची सीट जाड स्प्रिंगवर बसवलेली आहे. कुणी उठलं की स्प्रिंग मोकळी होते आणि सीट चार बोटं वर येते.

सीट वर आली.

आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर. हळूहळू. म्हणजे मी सकाळपासून तिथे काम करत होते, तेव्हा ती खाली दबलेलीच होती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी मागे सरकले. माझी आई पुढे झाली. पाच फूटही नाही ती. माझ्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये उभी राहिली आणि ज्या माणसापुढे जन्मभर तिचा आवाज निघाला नाही त्याला म्हणाली,

"पुरे झालं. बसा खाली. एक घालवलात. हिला हात लावलात तर बघा!"

किर्रर्र...

सीट खाली गेली.

आणि एकदम रेडिओ ऐकू यायला लागला. कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगत होतं. घड्याळात साडेतीन वाजले होते.

त्या संध्याकाळी आईने फोन लावले. दादाच्या दोन मित्रांना, माझ्या मावशीला आणि माझ्या आत्याला. चौघांनाही सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आत्या म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. आई म्हणाली, "तोही गेलेलाच होता. त्याच्याबद्दल तुम्ही सगळे बोललातच ना?" आणि तिने फोन ठेवला.

मी तो टँक दुरुस्त केला नाही. त्या घरात तो एक दिवसही नको होता. आईच्या समोर उलटासुलटा करून निथळवला, झाकण काढून तासभर उन्हात वाळवला. आत बोट घालून पाहिलं. खडखडीत कोरडा. मग झाकण लावून गाडीच्या डिकीत टाकला.

सोमवारी सकाळी भंगारवाल्याकडे नेला. त्याचा माणूस गॅसकटरने पत्रे कापत होता. त्याला म्हटलं, हा माझ्यासमोर काप, चार तुकडे कर. त्याने डिकीतून टँक उचलायला हात घातला आणि कंबर धरली.

"ताई, पाणी तरी ओतून आणायचं!"

"पाणी नाहीये त्यात."

"नाहीये? हे काय मग?"

त्याने झाकण उघडलं.

काठोकाठ होतं. स्वच्छ, थंडगार. साबणाचा मागमूस नाही.

मी डिकीतल्या सतरंजीवर हात फिरवला. कोरडी. जी शिवण तीन महिने टपटपत होती, तिच्यातून किंवा नळीच्या उघड्या भोकातून एक थेंबही बाहेर आला नव्हता.

"ओतू?" त्याने विचारलं.

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाकीची माणसं बघायला लागली. "ओतू नकोस. आहे तसाच काप."

"तसं ते बरंच आहे म्हणा," तो म्हणाला. "पाणी असलं की भडका उडत नाही."

त्याने तसाच कापला. पाणी सगळीकडे वाहिलं. मी गाडीत बसून रडले. दुकानात मी आता कुणालाही दादाचं ते उदाहरण देत नाही.

या गोष्टीला पाच महिने झाले. पाणी कुणी भरलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दारात ते कुणी ओतलं? मला संपवायला बाबांनी? की त्या दिवशी काय झालं ते दाखवायला दादाने? आणि टँकवर वाजवणारं बोट कुणाचं होतं? ज्या माणसाने एकोणतीस वर्षं तो टँक लपवला, त्याने तो नेमका पत्र्यातलं कळणाऱ्या मुलीलाच का दिला? कबुली म्हणून? मी खूप विचार केला. प्रत्येक उत्तराचा मला रागच येतो.

शेडला कुलूप आहे. ट्रॅक्टर आतच आहे. टँक नसलेला. आई विकू देत नाही.

गेल्या आठवड्यात मी तिला फोनवर पुन्हा म्हटलं, "आता पुरे. ते घर बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये."

ती म्हणाली, "मी आले तर इथे त्यांच्याकडे कोण बघणार?"

मला क्षणभर कळलंच नाही.

"त्यांच्याकडे म्हणजे? बाबांकडे... की दोघांकडे?"

पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. आईच्या श्वासाचाही नाही, तिच्या घड्याळाचाही नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं झालं.

मग फोन ठेवल्याचा आवाज आला.